बिडाचा कठडा

गेल्या वर्षीच्या वळवाच्या वादळात पुणतांब्याच्या आमच्या जुन्या घरावर लिंबाची एक मोठी फांदी पडली. कौले फुटली, ती पंधरा दिवसांत बदलून झाली. पन्हळ वाकली, ती ठोकून सरळ झाली. माडीच्या पुढच्या गॅलरीचा कठडा मात्र बिडाचा होता. त्याच्या सात जाळ्यांपैकी तीन जाळ्यांचे खापरासारखे तुकडे होऊन अंगणात पडले. साधे लोखंड असते तर वाकले असते. बीड वाकत नाही, फुटते. त्या तीन जाळ्यांच्या जागी तीन जाळ्या मिळवण्यात माझे वर्ष गेले. त्या खटपटीत जे पाहिले आणि त्यावरून जे मत झाले, ते आपल्या वार्षिकाच्या वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

प्रथम घरातले मत सांगतो. आमचे थोरले चुलते, ज्यांना सारे घर अण्णा म्हणते, म्हणाले, "अरे, लोखंडाला लोखंड. सगळाच कठडा काढ आणि वेल्डरकडून नवी ग्रिल करून बसव. दोन दिवसांचं काम." अण्णांचे म्हणणे चुकीचे नव्हते. माडीवर लहान मुले खेळतात. नऊ फूट कठडा नसलेली गॅलरी म्हणजे रोजची धास्ती. दोरखंड आणि बांबू बांधून आम्ही वेळ निभावून नेली. पण उरलेल्या चार धडधाकट जाळ्या उतरवून भंगारात घालायच्या, याला माझे मन घेईना. आईचेही घेईना, तिने कारण दिले ते एवढेच, की त्या जाळीला हात धरून आम्ही सगळे चालायला शिकलो.

मग गावातल्या वेल्डरला बोलावले. त्याने तुकडे जुळवून नेहमीच्या कांडीने जोडले. संध्याकाळपर्यंत जाळी अखंड दिसत होती. रात्री जेवताना माडीवरून 'टण्' असा आवाज आला. सकाळी पाहिले तो जोड शाबूत, पण जोडाच्या शेजारीच नवी भेग. याचे कारण नंतर कळले. बिडात अडीच ते चार टक्के कर्ब असतो आणि त्यातला बराचसा ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपाने लोखंडभर पसरलेला असतो. साध्या लोखंडात तो यापुढे नगण्यच. या कर्बामुळेच बीड बाराशे अंशांच्या आसपास वितळते आणि पाण्यासारखे साच्यात शिरते; पण त्याच पापुद्र्यांमुळे ते ठिसूळ होते. एके ठिकाणी एकदम तापवून थंड होऊ दिले की आकसताना ते शेजारी तडकते. बीड जोडायचे तर आधी सगळा तुकडा तापवायला हवा, निकेलची कांडी वापरायला हवी आणि नंतर तो राखेत किंवा वाळूत पुरून सावकाश निवू द्यायला हवा. नाहीतर पितळेने डाग द्यावा. मोडतोड मोठी असेल तर हेही पुरत नाही. आमच्या तीन जाळ्यांत एकही तुकडा वितीपेक्षा मोठा उरला नव्हता.

म्हणजे बदली जाळ्या शोधणे आले. आणि इथेच माझ्या लेखाचा विषय सुरू होतो.

योगायोगाने त्याच सुमारास अमेरिकेत, बोस्टनजवळ, राहणाऱ्या माझ्या मावसभावाचा फोन आला. त्यानेही एक जुने घर घेतले आहे. तिकडच्या जुन्या घरांत थंडीसाठी खोलीखोलीत बिडाचे रेडिएटर असतात. आपल्याकडे रेडिएटर म्हटले की मोटारीचा आठवतो, हा वेगळा. जमिनीवर उभ्या केलेल्या पोकळ बिडाच्या कठड्याची कल्पना करा. तळघरातल्या बॉयलरचे गरम पाणी किंवा वाफ त्यातून फिरते आणि खोली उबदार राहते. आधीच्या मालकाने हिवाळ्यात घर बंद ठेवले, आतले पाणी गोठले, गोठताना फुगले आणि दोन रेडिएटर उभे चिरले. भाऊही बदलीच्या शोधात होता. आम्ही दोघे पृथ्वीच्या दोन टोकांना एकाच धातूच्या मागे लागलो होतो.

फरक एवढाच, की त्याला दीड महिन्यात दोन्ही मिळाले. १८९२ साली तिकडे काही कारखाने एकत्र येऊन अमेरिकन रेडिएटर कंपनी निघाली. अशा कंपन्यांचा माल सारख्या मापांचा. बहुधा प्रत्येकावर नाव, कित्येकदा पेटंटची तारीखही ओतलेली. उंची किती, कांबी किती आणि खण किती, एवढे सांगितले की जोडी लागते. एखादा खण फुटला तर तेवढाच काढून दुसरा बसवता येतो. मुख्य म्हणजे तिकडे जुन्या घरांचे सुटे सामान उतरवून, मांडून विकणारी दुकाने आहेत. घर पाडणारा आधी दारे, खिडक्या, कठडे, रेडिएटर सुटे करून त्या दुकानदाराला देतो आणि मग भिंतीला हात घालतो. जुनी वस्तू तिकडे वस्तू म्हणून विकली जाते.

आपल्याकडे ती वजनावर विकली जाते. राहात्याजवळ एका भंगारवाल्याच्या आवारात मी जाळ्या विचारायला गेलो. तो मनुष्य सज्जन होता. त्याने चहा दिला आणि ढीग दाखवला. ढिगात पंपांचे फुटके भाग होते, एका चरकाचा लाट होता, आणि नक्षीचे तुकडेही होते. एक पान, अर्धे कमळ, कमानीचे टोक. मी विचारले, "अख्खी जाळी येते का कधी?" तो म्हणाला, "येती ना सर. पण बीड आहे. अख्खं आलं तरी आम्ही घणानं फोडूनच टेम्पोत टाकतो. जागा कमी लागती. भाव काय, दोन्हीला एकच." त्याच्या या वाक्याने मला रात्री झोप आली नाही, असे लिहिले तर ते नाटकी होईल. पण घरी परतताना सारा रस्ताभर ते कानांत होते हे खरे.

पुण्याला मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात दोन फेऱ्या झाल्या. तिथे जाळ्या होत्या. एक तर आमच्या जाळीची बहीण शोभावी अशी. पण उंचीला दोन इंच कमी आणि वेलाचे वळण उलट. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटून नदीकाठच्या पेठांतले वाडे कोसळले, त्यांचे सामान एके काळी अशा बाजारांत आले असेल. आता येते ते पाडलेल्या वाड्यांचे, आणि येते तसे उपाहारगृहांच्या सजावटीसाठी जाते. दुकानदाराने भाव सांगितला तो नक्षीचा, लोखंडाचा नव्हे. मुंबईच्या चोरबाजारातही तोच अनुभव. म्हणजे आपल्याकडे या वस्तूला दोनच किमती आहेत. एक भंगाराची, जी इतकी कमी की विकणाऱ्याला वस्तू जपावीशी वाटू नये. आणि एक शोभेची, जी इतकी जास्त की घर दुरुस्त करणाऱ्याला घेता येऊ नये. मधली, कामाची किंमत कुठेच नाही.

या जाळ्या मुळात पुणतांब्यात आल्या कशा? आमच्या जाळीच्या मागे ओतलेला ४७ हा आकडा आहे, नाव नाही. गाव जुने. गोदावरीकाठी चांगदेवांची समाधी, घाट, देवळे, तटबंदीचे अवशेष. पण बीड जुन्या पुणतांब्याचे नव्हे. १८७८ साली दौंड–मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि गावाला स्टेशन मिळाले. त्यानंतर कधीतरी हा जड माल मालगाडीने उतरला असावा, असा माझा तर्क आहे. बैलगाडीने घाट उतरवून एवढे ठिसूळ ओझे कोण आणील? त्या काळी असा माल विलायतेहूनही येई. ग्लासगोच्या मॅकफार्लेन यांच्या सॅरासेन फौंड्रीचे जाडजूड छापील कॅटलॉग असत. त्यात प्रत्येक जाळी, खांब, कमान यांना क्रमांक दिलेला. म्हैसूरच्या राजवाड्यातल्या कल्याण मंडपाचे बिडाचे खांब त्याच फौंड्रीचे. मुंबईच्या वॉटसन हॉटेलचा लोखंडी सांगाडा तर १८६० च्या दशकात इंग्लंडात तयार होऊन जहाजाने आला. त्याच इमारतीचा सज्जा २००५ साली कोसळला. पुढे देशातही ओतकाम होऊ लागले. भायखळ्याची रिचर्डसन अँड क्रुडास १८५८ ची. आमची ४७ नंबरची जाळी यांपैकी कुठली, की आणखी कोणाची, याचा शोध मी सोडून दिला. कारण लवकरच ध्यानात आले की जाळी कोणी केली यापेक्षा आता कोण करू शकेल, हा प्रश्न महत्त्वाचा.

इथे माझे मत स्पष्ट सांगतो. जुन्या घराचा सुटा भाग बाजारात शोधणे हा आपल्याकडे बहुधा वाया जाणारा खटाटोप आहे. आपल्याकडे तशी दुकाने नाहीत आणि उद्या निघतील असेही दिसत नाही. परंतु आपल्याकडे एक गोष्ट आहे, जी माझ्या मावसभावाला हेवा वाटावा अशी. ओतकाम करणारे हात आपल्याकडे अजून आहेत. कोल्हापूर, इचलकरंजी, बेळगाव हा सारा पट्टा फौंड्र्यांचा. पुणे, नाशिक, अहिल्यानगरच्या औद्योगिक वसाहतींतही ओतकाम चालते. तेव्हा वस्तू शोधू नये, तिचा पॅटर्न शोधावा. एक अखंड नमुना हाती असला की दहा जाळ्या होतात. नमुना नसेल तर नवा लाकडात कोरून घ्यावा लागतो, आणि कोरीव नक्षीचे पॅटर्न करणारे मिस्त्री आता फार थोडे राहिले आहेत. म्हणून घर पाडताना वा दुरुस्त करताना शेवटची अखंड जाळी घणाखाली गेली, की नुसते वीस-बावीस किलो बीड जात नाही, तर तो आकारच गावातून जातो.

यावर कोणी म्हणेल, गेला तर गेला. बीड मरत नाही. ते वितळून पुन्हा पंप होते, मोटारीचा भाग होते. भंगारवाला काही पाप करीत नाही. हे मला पूर्ण मान्य आहे. पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा लक्ष्मणराव किर्लोस्करांना दिल्या आणि त्या वितळवून नांगर झाले, अशी हकिकत सांगतात. १९१० साली माळावर वसलेल्या किर्लोस्करवाडीला त्या वेळी लोखंडाची किती निकड असेल, याची कल्पना करावी. तोफेचा नांगर झाला याचे कोणाला वाईट वाटेल? ज्या गावातून २०१७ साली शेतकऱ्यांचा संप उभा राहिला, त्या गावात तरी नांगरापेक्षा तोफ मोठी असे कोणी म्हणणार नाही. पण तिथे तोफ देणाऱ्याने ती विचार करून दिली होती. आमच्याकडे जाळी फुटते ती केवळ टेम्पोत जागा कमी म्हणून. शिवाय सगळे वाडे जपा असेही मी म्हणत नाही. चौदा वारसदार, पुण्या-मुंबईत विखुरलेले, आणि पावसाळ्यात गळणारे छप्पर. अशा वाड्याला उपदेशाने टेकू मिळत नाही. वाडा पाडा, पण जाळी फोडण्याआधी एक अखंड ठेवा, इतकीच माझी मागणी आहे.

आमच्यापुढे मात्र वेगळी अडचण होती. उरलेल्या चार जाळ्यांपैकी एक उतरवून नमुना म्हणून द्यावी, तर ती लाकडी चौकटीत शिसे ओतून अशी पक्की बसवलेली, की उतरवताना फुटण्याचीच भीती. मग मी गावातच चौकशी सुरू केली. जो शोध पहिल्या दिवशी करायचा तो आठव्या महिन्यात सुचला, हे माझ्या शिक्षणाला शोभणारे नाही. आमच्या आळीपलीकडे एका घराचा पुढचा भाग कित्येक वर्षांपूर्वी पाडला होता. तिथल्या गोठ्यात वासराला अडसर म्हणून आडवी लावलेली जाळी मला दिसली. शेणाने लिंपलेली, पण अखंड. खराट्याने घासून पाहिली. मागे तोच ४७.

घरच्या मावशी ओट्यावर दाणे निवडीत होत्या. मी विकत मागितली. त्या म्हणाल्या, "विकायची न्हाई बाबा. सासूबाईंच्या हातची लावलेली हाय. पण न्या, तुमचा साचा काढा, अन् परत आणून लावा. तवर वासराला काय लावू ते सांगा." आमच्या घरची एक लाकडी फळी त्या दिवशी गोठ्यात गेली आणि जाळी माझ्या घरी आली.

फौंड्री मिळायलाही फिरावे लागले. मोठे कारखाने तीन नगांसाठी पेटी भरीत नाहीत, आणि त्यांचेही खरे आहे. त्यांचे सारे गणित हजारो नगांवर चालते. एका ठिकाणी ॲल्युमिनियममध्ये करून देतो म्हणाले. वजन निम्म्याहून कमी, गंज नाही, रंग दिला की ओळखू येत नाही. ज्यांना परवडते त्यांनी तसे करावे. मला ते चार बिडाच्या जाळ्यांच्या रांगेत नको होते. शेवटी एका लहान फौंड्रीने होकार दिला. आठवड्यातून एकदा त्यांची भट्टी पेटे; त्या दिवशी उरलेल्या रसात आपल्या जाळ्या, असे ठरले.

पहिला नग आला तो पाहून मी खूश. गॅलरीत धरला आणि खूश होणे थांबले. जाळी तीन सूत आखूड होती. तीन फुटांची जागा, आणि दोन्ही बाजूंना मिळून तेवढी फट. शिवाय दोन पानांची टोके भरलीच नव्हती. चूक कोणाची यावर थोडी बोलाचाली झाली, पण कारण साधे होते. वितळलेले बीड थंड होताना सुमारे एक टक्का आकसते, म्हणजे फुटामागे एक सूत. पॅटर्न करणारा मिस्त्री म्हणूनच वेगळी पट्टी वापरतो. तिच्यावरचा इंच खऱ्या इंचापेक्षा तेवढाच मोठा असतो. आम्ही जुनी जाळी हाच पॅटर्न समजून वाळूत दाबली. जुनी जाळी ही मुळात एकदा आकसलेली. तिच्यावरून घेतलेली नक्कल दुसऱ्यांदा आकसणारच. पानांच्या टोकांचेही तसेच. जुन्या नक्षीदार ओतकामात स्फुरदाचे प्रमाण मुद्दाम जास्त असे. त्याने रस पातळ राहून बारीक नक्षीत शिरे, मात्र माल अधिक ठिसूळ होई. पंपाच्या भागांसाठी केलेला रस त्या टोकांपर्यंत पोचण्याआधीच थिजला.

यावरचा उपाय त्या फौंड्रीतल्या एका वयस्कर मोल्डरनेच काढला. त्यांनी जाळीच्या चारी कडांना लाकडी पट्ट्या आणि मेण लावून माप वाढवले, पानांची टोके किंचित जाड केली आणि साच्यात रस जाण्याची वाट दोन ठिकाणी दिली. दुसऱ्या खेपेचा नग जागेवर बसला. सूतभर फरक राहिला. तो रंगाखाली गेला. मी त्यांना विचारले, हे कुठे शिकलात? ते म्हणाले, "शिकायचं काय त्यात? एकदा चुकलं की कळतं." आपल्या महाविद्यालयात दर वर्षी परीक्षेच्या निकालानंतर हे वाक्य उपयोगी पडेल.

आता विद्यार्थ्यांसाठी एक सूचना करतो आणि ती गंभीरपणे करतो. आपल्याकडे पुणतांबा, चितळी, वाकडी, राहाता अशा गावांतून मुले-मुली येतात. राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे खेड्यांत भरतात. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प करावे लागतात, आणि दर वर्षी त्याच चार किल्ल्यांवर तेच चार प्रकल्प येतात. त्याऐवजी आपापल्या आळीतल्या जुन्या कठड्यांची, खिडक्यांच्या जाळ्यांची, बिडाच्या खांबांची नोंद का करू नये? मोबाईलवर फोटो काढणे पुरेसे नाही. फोटोवरून जाड किती, खोल किती, हे कळत नाही. जाळीवर पातळ कागद धरून कोळशाने घासले की नक्षीचा खऱ्या मापाचा ठसा उठतो. उंची, रुंदी, जाडी सुतात लिहावी. मागचा आकडा लिहावा. कोणत्या घरी किती अखंड आहेत हे लिहावे. बीड की साधे लोखंड याची शंका आली तर दुसऱ्या लोखंडाने हलकेच ठोकून पाहावे. साधे लोखंड घणघणते, बीड मंद, बसका आवाज देते. असा एक गठ्ठा ग्रंथालयाच्या कपाटात असला, तर पुढच्या वादळात ज्याचा कठडा फुटेल त्याला माझ्यासारखे आठ महिने परगावी हिंडावे लागणार नाही. गावातच, दोन आळ्या पलीकडे, कोणाच्या तरी गोठ्यात त्याची जाळी असेल.

यात भावनेचा भाग मी मुद्दामच कमी ठेवला आहे. आमच्या घरी अण्णांनी शेवटपर्यंत सांगितले की एवढ्या पैशांत सगळ्या गॅलरीची स्टेनलेसची रेलिंग झाली असती. हिशेब केला, तर जवळपास झाली असती. अण्णांना हे कबूल करूनच मी जाळ्या बसवल्या. आता संध्याकाळी तेच खुर्ची टाकून तिथे बसतात आणि नवी जाळी कोणती, जुनी कोणती, हे आल्यागेल्याला ओळखायला लावतात.

तीनपैकी दोन जाळ्या बसल्या आहेत. तिसरी पुढच्या भट्टीला मिळायची आहे. मावशींची जाळी धुऊन, रेड ऑक्साइडचा हात देऊन गोठ्यात परत लावली. कडा वाढवून तयार झालेल्या त्या नमुन्यावरून आम्ही ॲल्युमिनियमचा एक कायमचा पॅटर्न करून घेतला आहे. तो आमच्या माजघरात खुंटीला टांगला आहे आणि त्याच्या मागे तेलरंगाने ४७ लिहिले आहे. या आकड्याची जाळी पंचक्रोशीत ज्यांच्या घरी फुटली असेल त्यांनी तो घेऊन जावा. वापरून परत आणावा.